पाण्यातलं गाव कोण राखतं?

नेदरलँड्सच्या ओव्हरआयसल प्रांतात गीथूर्न नावाचं गाव आहे. गावाच्या जुन्या भागात रस्ता नाही. कालवे आहेत, त्यांच्यावर दीडशेहून जास्त लाकडी पूल आहेत आणि बोरूने शाकारलेली घरं आपापल्या जमिनीच्या तुकड्यावर पाण्याने वेढलेली उभी आहेत. माझा मोठा भाऊ नोकरीसाठी उट्रेख्तला असतो. गेल्या उन्हाळ्यात तो बायकामुलांना घेऊन या गावी सुट्टीला गेला आणि नंतर भाईंदरला आला तो एक कल्पना डोक्यात घेऊनच. आपल्या उत्तन, चौक, पाणजू या गावांत असंच पर्यटन उभं करायचं.

आमची आत्या भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. तिच्या वडिलांचं मिठागर होतं, ती स्वतः निवृत्त शिक्षिका. तिला ही कल्पना अजिबात पटली नाही. त्या दोघांचं बोलणं बरेच दिवस चाललं. मी ते इथे सलग मांडते आहे, कारण प्रश्न आमच्या घरापुरता नाही. या शहरातल्या लाखो लोकांना रोज लोकलच्या दारातून भाईंदरची खाडी दिसते, आणि तिचं पुढे काय व्हावं यावर आपण फारसं बोलत नाही.

दादा : आत्या, तिथे सकाळी खिडकीखालून होडी जाते. बॅटरीवरची, त्यामुळे आवाज नाही. बदकं, पाणकोंबड्या, काठावर कुणीतरी बागेत काम करतंय. मुलांनी फोन मागितला नाही. आणि मला सारखी आपली खाडी आठवत होती. भाईंदर सोडून गाडी नायगावकडे निघाली की दोन्ही बाजूंना जे दिसतं, ते कशात कमी आहे? कांदळवन आहे, बांध आहेत, दोन पुलांच्या मधोमध पाणजूचं बेट आहे. खाली उत्तनला कोळीवाडे, पोर्तुगीज काळातली चर्चं, चौकचा धारावी किल्ला. वसई पडायच्या आधी चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली याच किल्ल्यासाठी लढाई झाली. हे सगळं असून इथला माणूस सुट्टीला महाबळेश्वरला जातो.

आत्या : दिसायला कमी काहीच नाही. पण तू तिथे पाहुणा होतास. पाणजूत राहणाऱ्यांना विचार. होडी नसली की ती माणसं रेल्वेपुलाच्या कडेने चालत नायगाव गाठतात. वरून जाणाऱ्या गाडीतून लोक खाडीत निर्माल्य फेकतात, नारळासकट. तसाच एक नारळ लागून तिथला तरुण मुलगा गेला. गीथूर्नला रस्ता नाही याचं तुला कौतुक, कारण रस्ता नसणं तिथल्या लोकांनी ठरवून जपलंय, आणि गावाच्या नव्या भागात गाडी येते. पाणजूला रस्ता नाही, कारण कुणी दिला नाही. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नकोस.

इथे दादाकडे उत्तर नव्हतं, आणि असण्याचं कारणही नव्हतं. आत्याचं म्हणणं खरं आहे. पाण्यातल्या गावाचं एकाकीपण सुंदर वाटतं ते रात्रीअपरात्री बाळंतिणीला हलवण्याची सोय असेल तरच. पण दादाने विषय सोडला नाही. तो त्या गावाच्या जन्माकडे वळला, आणि माझ्या मते खरी चर्चा तिथून सुरू झाली.

दादा : तुला वाटतं ते गाव निसर्गाने तसं दिलं? मुळीच नाही. तिथे हजारो वर्षं पाणथळीत वनस्पती वाढल्या, मेल्या, पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे पूर्ण कुजल्या नाहीत. त्यांचे थरांवर थर साचून काळी, भुसभुशीत जमीन झाली. तिला पीट म्हणतात. ती वाळवली की जळते. लाकूड कमी, कोळसा लांब, म्हणून हॉलंडमधली शहरं शतकानुशतकं हेच जाळून ऊब घेत होती, विटा भाजत होती, दारू गाळत होती. गीथूर्नचे लोक हे पीट काढून विकायचे. आधी वरचं खणलं, मग पाण्याखालचंही लांब दांड्याच्या जाळीने उपसलं. उपसलेला चिखल वाळत घालायला मध्ये जमिनीच्या अरुंद पट्ट्या सोडलेल्या. माल वाहायला कालवे खणले. आज पर्यटक ज्या कालव्यांतून फिरतात, ते मुळात इंधन वाहून न्यायचे मार्ग आहेत.

आत्या : म्हणजे आजूबाजूची तळी म्हणजे खणून रिकामी केलेली जमीन.

दादा : हो. आणि पट्ट्या इतक्या अरुंद ठेवल्या होत्या की वादळात त्या टिकल्या नाहीत. गीथूर्नच्या जवळ ब्यूलाके नावाचं गाव होतं. 1775 आणि 1776 च्या पुरांत ते कायमचं बुडालं. आज तिथे मोठं तळं आहे आणि त्याच्यावर शिडाच्या होड्या फिरतात. 1825 च्या पुराने पुन्हा मोठा भाग खाल्ला.

आत्या : मग एवढं सगळं ठाऊक असून तू मला सुंदर गावाची गोष्ट सांगतोयस? ती पायाखालची जमीन विकून खाल्लेल्यांची गोष्ट आहे. आपल्याकडेही तेच चाललंय, फक्त आपण जमीन खणत नाही, भराव टाकतो.

दादा : पूर्ण ऐक. पीट संपल्यावर ते लोक गाव सोडून गेले नाहीत. उरलेल्या जमिनीवर गाई ठेवल्या. गाई, गवत, सगळं होडीतून न्यायचे. दलदलीत बोरू वाढतो, तो हिवाळ्यात कापून छपरांसाठी विकू लागले. आजही कापतात. आता तो सगळा भाग वेरीबेन-वीडेन राष्ट्रीय उद्यान आहे, आणि उद्यान म्हटलं तरी तिथे माणसाचा हात लागतोच. बोरू कापला नाही तर काही वर्षांत झुडपं येतात, मग झाडं, आणि उघडी दलदल संपते. तिच्याबरोबर तिथले पक्षी आणि फुलपाखरंही. म्हणजे तुझ्या मिठागरासारखंच. ज्या वर्षी माणूस हात लावत नाही, त्या वर्षी ते मिठागर राहत नाही.

आत्या त्यावर थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने मिठागराबद्दल सांगितलं, आणि दादाला कधीच ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगितल्या.

मिठाचा हंगाम पावसाळा संपून जमीन वाळली की सुरू होतो. आधी बांध नीट करायचे. पावसाने वाहून गेलेली माती पुन्हा चढवायची, तळ तुडवून घट्ट करायचा. मग उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, कारण भांगाच्या भरतीला ते पुरेसं चढत नाही. एका कप्प्यातून दुसऱ्यात, उन्हात आटवत, दाट करत शेवटच्या वाफ्यांत आणायचं. तिथे मीठ धरतं, ते फळीने ओढून ढीग लावायचा. भरतीची वेळ चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत काम खोळंबतं. एखाद्या रात्री बांध फुटला तर महिन्याची मेहनत खाडीत जाते. मालक आगरी, आणि मीठ ओढणारे बरेचसे डहाणू-तलासरीकडून हंगामापुरते येणारे आदिवासी मजूर. आत्या सांगते, आमच्या लहानपणी गावात तिथी विचारली जायची ती सणासाठी थोडी, भरतीसाठी जास्त.

भाताची खाचरंही अशीच. खाडीकाठची खारी जमीन बांध घालून भरतीपासून वेगळी करायची, तिच्यावर पावसाचं पाणी साठवून खारेपणा धुवायचा आणि मग भात लावायचा. बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. बाहेर ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या जोराने ते उघडतं आणि शेतातलं जादा पाणी जातं. भरती आली की बाहेरच्या दाबाने आपोआप बंद होतं. दादाने मान्य केलं की डच स्लूसदारंही याच तत्त्वावर चालत आली आहेत.

दादा : मग बघ, ज्ञान आपल्याकडेही होतं.

आत्या : ज्ञान होतं, माणसंही होती. अलिबागकडे शहापूर-धेरंडच्या खारेपाटात गावाने मिळून बांध राखायची रीत होती, तिला जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याने बांधावर माती टाकायलाच हवी, मग तो कितीही मोठा असो. 1948 मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींचा कायदा केला, 1979 मध्ये महाराष्ट्राने नवा केला. बांध सरकारी झाले. हेतू चांगला होता, गरीब शेतकऱ्याच्या अंगावरचा भार कमी व्हावा. पण एकदा बांध सरकारचा झाला की खांड पडल्यावर गावकरी कागद लिहायला लागतो, फावडं उचलत नाही. कागदाला उत्तर येईपर्यंत दोन उधाणं होऊन जातात. मग जमीन खारी होते, तिच्यावर कांदळवन येतं. आणि एकदा कांदळवन आलं की ती जमीन पुन्हा शेतीखाली आणता येत नाही.

इथे मला थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कांदळवन राखलं गेलं हे चांगलंच झालं. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवन तोडायला मनाई केली आणि 2018 च्या अंतिम निकालात ती पक्की केली. ही मनाई नसती तर भाईंदरची खाडी आज कुठवर आत सरकली असती आणि तिच्या काठावर किती मजली इमारती असत्या, हे कुणालाही समजण्यासारखं आहे. 2001 च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या 5,20,388 होती, 2011 मध्ये 8,09,378. दहा वर्षांत एवढी माणसं या शहराने सामावली, ती बरीचशी सखल, पाणथळ जमिनीला लागून. पण आत्याचा मुद्दा कांदळवनाविरुद्ध नाही. ती म्हणते, बांध राखणारा माणूस हरला तेव्हाच त्या जमिनीचा निर्णय झाला होता, कोर्ट नंतर आलं. ज्याला त्या जमिनीतून काही मिळत नाही, त्याच्याकडून ती राखली जाईल ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. मला हे म्हणणं पटतं.

दादा : तेच मी सांगतोय! मिळकत हवी. उत्तनच्या कोळ्यांना विचार, मासळी पूर्वीसारखी मिळते का? डिझेलचा खर्च तेवढाच, जाळ्यात माल कमी. मुलं शिकली, ती होडीवर जात नाहीत. घर विकून मीरारोडला फ्लॅट घेतात. पर्यटन नाही आलं तर बिल्डर येईल. मेट्रोच्या कारशेडसाठी आधी राई-मुर्ध्याची जमीन बघितली, लोकांनी विरोध केला म्हणून डोंगरीकडे गेले. फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर-वसई रो-रो सुरू आहे. लोक येणारच. मग ते कोणत्या अटींवर येतील हे गावाने ठरवलेलं बरं.

आत्या : गावाने ठरवलेलं? गोराई-उत्तनला पर्यटनाचं विशेष आर्थिक क्षेत्र करायचं घाटत होतं तेव्हा कुणी गावाला विचारलं होतं? गोराई-उत्तनच्या या धारावी बेटाचे लोक रस्त्यावर आले म्हणून ते टळलं. आज शनिवार-रविवारी उत्तनच्या रस्त्याने जाऊन ये. रिसॉर्टचं गाणं समुद्रापर्यंत ऐकू येतं. बोंबील सुकवायच्या वलांड्यांखाली बाटल्या. बंगल्याच्या तरणतलावाला टँकर येतो आणि शेजारच्या बाईला पाण्यासाठी रांग. त्या धंद्यात गावातल्या मुलाला काय मिळतं? सुरक्षारक्षकाची नोकरी.

दादा : म्हणूनच रिसॉर्ट नको म्हणतोय मी. वेंगुर्ल्याला बघ. मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायका कांदळवनात होडी वल्हवत पर्यटक नेतात. त्यातल्या कोळिणी आधी मासेच विकायच्या. आता खाडीतली झाडं, खेकडे, पक्षी ओळखून दाखवतात, पैसे त्यांच्या गटाला. कांदळवन तोडलं तर त्यांचाच धंदा बुडेल, म्हणून त्याच राखणदार. आणि वेंगुर्ल्यात डचांची जुनी वखार आहे, सतराव्या शतकातली. डच तिथे व्यापाराला आले होते, आता आपण त्यांच्याकडून पाणी राखायचं शिकावं.

आत्या : वेंगुर्ल्याच्या बायकांचं मला मान्य आहे. पण त्यांच्या शेजारी आठ लाखांहून मोठं शहर नाही. गीथूर्नचं काय झालं ते तू सांगितलंच नाहीस.

दादाने सांगितलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं. 1958 मध्ये बेर्ट हान्स्ट्रा या दिग्दर्शकाचा ‘फानफारे’ हा चित्रपट तिथे चित्रित झाला आणि देशभर गावाचं नाव झालं. आज तीन हजारांहून कमी वस्तीच्या गावात वर्षाला लाखो प्रवासी येतात. उन्हाळ्याच्या दुपारी कालव्यात भाड्याच्या होड्या एकमेकींना अडकतात, भिंतींवर आपटतात, लोक खाजगी पूल ओलांडून अंगणात फोटो काढतात. काही घरं सुट्टीकरता भाड्याने दिलेली. तो स्वतः संध्याकाळी, दिवसाचे प्रवासी गेल्यावर त्या गावाच्या प्रेमात पडला होता.

आणि जमीन अजूनही खचते आहे. नेदरलँड्सच्या पीटच्या प्रदेशात कुरणं कोरडी ठेवण्यासाठी पाण्याची पातळी पंपाने खाली ठेवली जाते. पाणी उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजतं, जमीन खाली जाते. जमीन खाली गेली की पाणी अजून खाली उतरवावं लागतं. कुजणाऱ्या पीटमधून कार्बन डायऑक्साइडही सुटतो. पाणी किती वर ठेवायचं यावरून तिथे शेतकरी, निसर्गवादी आणि सरकार यांच्यात आजही भांडण आहे. म्हणजे त्यांनीही प्रश्न सोडवलेला नाही. फक्त तो कुणी सोडवायचा आणि खर्च कुणी करायचा, हे त्यांनी ठरवलं आहे.

आत्या : कुणी ठरवलं?

दादा : तिथे जलमंडळं आहेत. सध्या एकवीस. राइनलंडचं जलमंडळ तर 1255 पासून आहे, त्यांच्या आजच्या राज्यापेक्षा कितीतरी जुनं. दर चार वर्षांनी निवडणूक होते, आम्ही मतदान करतो. दर घराला वेगळा कर येतो, तो बंधारे, कालवे, पंप आणि सांडपाणी शुद्धीकरणासाठी. समुद्रसपाटीखाली सुमारे पावपट देश आहे. 1953 च्या पुरात 1,836 माणसं गेली, त्यामुळे तो कर कुणाला फुकटचा वाटत नाही.

आत्या : आता तू मला पटेल असं बोललास. सुट्टीचं गाव दाखवण्याआधी हे सांगायचं होतंस. त्यांच्या गावात होडी फिरते, कारण कालवा उपसायचे पैसे आणि तो उपसणारा माणूस ठरलेला आहे. आपल्याकडे होडी आधी येते, आणि गाळ कोण काढणार हे कधीच ठरत नाही.

दादा : मग आपणही ठरवू. खाडीत फिरायला नेणाऱ्या प्रत्येक होडीच्या तिकिटातला ठराविक भाग गावाच्या निधीत. बांध, उघाड्या, जेट्टी, कचरा यासाठी. हिशेब चर्चच्या आवारात आणि ग्रामदेवतेच्या देवळात, दोन्हीकडे लावायचा.

आत्या : आणि दिवसाला किती माणसं हे गाव ठरवणार. आणि पाणजूला होडी वेळेवर मिळाली, रात्री दवाखान्यात जाता आलं, तर मगच तिथे पर्यटक.

दादा : आणि राहायला कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्याच घरी. बॉटल मसाल्याची कढी, फुगिया, सुका बोंबील. बाहेरचा मालक नको.

आत्या : नियम लिहून घ्यायचे. तोंडी नाही.

दोघं इथवर आली, पण एका गोष्टीवर मतभेद राहिला. आत्या म्हणते आधी बांध, होडी, पाणी आणि दवाखाना, मग पाहुणे. दादा म्हणतो पाहुण्यांच्या पैशाशिवाय बांध होणार नाही, कारण महापालिका आणि खारभूमी विभाग यांची वाट बघण्यात एक पिढी गेली. मी माझं मत सांगते. क्रम आत्याचाच बरोबर आहे. निधी आणि नियम आधी ठरले नाहीत तर पाहुण्यांचा पैसा बांधाकडे जातच नाही, तो जमिनीच्या भावाकडे जातो, आणि जमिनीचा भाव वाढला की बांध राखणारा सगळ्यांत आधी निघून जातो. गीथूर्नची पीटची जमीन ज्या घाईने विकली गेली, ती घाई आपल्याला ब्यूलाकेच्या तळ्यात दिसते. पण दादाची घाईही मी चुकीची म्हणणार नाही, कारण उत्तनच्या मुलांसाठी वेळ खरोखर कमी आहे.

उत्तन, पाणजू, राई, मुर्धा या गावांतल्या रहिवाशांचं, मच्छीमार सोसायट्यांचं आणि मिठागर मालक-मजुरांचं एक मंडळ, खाडीच्या देखभालीचा स्वतंत्र निधी आणि पर्यटनावर त्यांचा नकाराधिकार, एवढं महापालिकेने आणि राज्याच्या पर्यटन विभागाने नवीन जेट्टी बांधायच्या आधी मान्य करावं. जोळीची रीत या किनाऱ्यावर होती, ती कायद्यात बसवता येते.

आणि वाचकांना एक विनंती. यंदा सुट्टीला उत्तनला जाल तेव्हा रिसॉर्टऐवजी गावातल्या एखाद्या घरी जेवा, होडीवाल्याला त्याचा पूर्ण दर द्या, पुलावरून खाडीत काहीही टाकू नका आणि आपला कचरा आपल्यासोबत परत न्या. मीरा-भाईंदरचा कचरा आधीच उत्तनच्या धावगी डोंगरावर टाकला जातो.